जुनं फर्निचर ओळखायचा क्रम: आधी उलटं करा, शैलीचं नाव शेवटी

गोव्यातल्या साष्टीत किंवा तिसवाडीत एखाद्या जुन्या घराची वाटणी निघाली, की सामानाबद्दल पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हे पोर्तुगीज काळातलं." पाय बाकदार आहे, कोरीव काम आहे, लाकूड काळं आहे, बस्स. आता पोर्तुगीज काळ म्हणजे गोव्यात १५१० ते १९६१. साडेचारशे वर्षांच्या पोत्यात वस्तू टाकली म्हणजे ती ओळखली असं होत नाही.

खरी चूक क्रमात आहे. लोक शैलीपासून सुरुवात करतात आणि शैली ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट. तोच वाघनखी पाय १७४० मध्ये कोरला गेला, १९४० मध्येही कोरला गेला आणि आजही कोरून मिळतो. तेव्हा आधी बांधणी, मग धातू, मग लाकूड आणि पॉलिश, आणि शैली त्यानंतर. खाली तोच क्रम धरला आहे. विकायचं असो, विमा उतरवायचा असो की सुताराकडे द्यायचं असो, क्रम बदलू नका.

१. तयारी

दिवसाउजेडी काम करा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली डाग दिलेला साग आणि शिसवी सारखेच दिसतात. जवळ हवं ते एवढंच: बॅटरी, मोजपट्टी, भिंग, लोहचुंबक, थोडा कापूस, डिनेचर्ड स्पिरिट, वही आणि फोन. जाड पाय मोजायला सुताराचा कॅलिपर मिळाला तर उत्तम.

वस्तू जागेवर असतानाच चारही बाजूंनी फोटो काढा. मग रिकामी करा. खुर्ची हातांना धरून आणि मेज वरच्या फळीला धरून उचलू नका, जुने सांधे तिथेच सुटतात. खालच्या चौकटीला धरायचं आणि दोघांनी उचलायचं. उलटं ठेवायला खाली गोधडी पसरा.

आता सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम: ओळख पटेपर्यंत पुसू नका, घासू नका, तेल लावू नका. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी ओल्या फडक्याने लखलखीत केलेली वस्तू तपासायला घेणं म्हणजे अर्धा पुरावा आधीच मोरीत गेलेला. वरची धूळ झटकायला हरकत नाही. खालची, आतली, मागची तशीच राहू द्या.

पावसाळ्यात हे काम काढू नका. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, खण अडकतात आणि जोर लावला की मूठ हातात येते. डिसेंबरनंतरचे कोरडे महिने बरे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वर्ष विचारू नका, मिळणारं उत्तर अंदाजाचं असतं. "कुठल्या खोलीत होतं? त्यावर काय ठेवायचे? सुतार कधी आला होता, काय बदललं?" असं विचारा. "देवघराशेजारी होतं आणि पाय कुजले म्हणून कापले" हे एक वाक्य "दोनशे वर्षांचं आहे" या दाव्याहून कामाचं.

२. आधी वस्तूचं रूप ठरवा

इथे वयाचा विचार करायचा नाही. वस्तू कशासाठी होती, एवढंच.

*कोंतादोर* म्हणजे पुष्कळ लहान खणांची पेटी, बहुधा स्वतंत्र चौकटीवर उभी. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या गोव्याशी जोडलेले जे कोंतादोर संग्रहालयांत दिसतात, त्यांच्या सागाच्या अंगावर शिसवी किंवा एबनी या काळ्या लाकडाची जडणी, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, मध्ये हस्तिदंताचे ठिपके असतात आणि खालचे पाय कधी कधी स्त्री-आकृतींचे असतात. दर्शनी भागावर दोन खण दिसतात पण ओढल्यावर एकच निघतो, हेही त्यांच्यात असतं. *कोमोद* वेगळं: तीन-चार रुंद खणांचं, कपड्यांसाठी. बाजारात लहान कोमोदाला सर्रास कोंतादोर म्हणून विकतात, किंमत त्या नावातच वाढते.

*आर्का* म्हणजे वर झाकण उघडणारा पेटारा. *पापेलेरा* म्हणजे तिरकी फळी उघडून लिहायला बसायचं मेज, आत कागदांचे कप्पे. *कानापे* म्हणजे पाठ असलेला, बहुधा वेताच्या जाळीचा लांब बाक. *ओरातोर* म्हणजे ख्रिस्ती घरातलं दारांचं देवघर. दोघांनी उलटसुलट तोंडं करून बसायची एस आकाराची खुर्ची ती *कोन्व्हर्सादेरा*. हिंदू घरांत झोपाळा, चौरंग, देव्हारा आणि पेटारा यांच्या जोडीला हीच मेजं-खुर्च्या ओसरीवर असतात, त्यामुळे घर कोणाचं यावरून वस्तू ठरवू नका.

भागांची नावं सुताराशी बोलताना लागतात. खुर्चीच्या पाठीतली मधली उभी फळी, पायांना जोडणारी खालची आडवी पट्टी, बैठकीखालची चौकट, मेजाच्या फळीखालची झालर. नावावर घोटाळा होतोय असं वाटलं तर बोट ठेवून दाखवा. "मागचं ते" म्हटल्यावर भलताच भाग बदलून मिळतो.

> तपासा: वस्तूचं रूप आणि आकार जुळतात का? पापेलेराची खोली कपाटाइतकी असेल किंवा आर्क्याला मध्येच दार असेल, तर पुढे कधीतरी तिचं काम बदललं आहे. वहीत नोंद करा आणि पुढे चला.

३. उलटं करा, सांधे बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

खण असतील तर एक पूर्ण बाहेर काढा आणि पालथा घाला. बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडा बघा. खरोखर वापरलेल्या खणाची ही कड सरळ उरत नाही: मागच्या बाजूला झिजून उताराची होते आणि ज्या हाताने ओढायचे त्या बाजूला जास्त. बोट फिरवलं तर झीज गुळगुळीत लागते, कानसलेली खरखर नाही. आता खणाच्या पोकळीत बॅटरी मारा. ज्या पट्टीवर खण सरकतो तिच्यावर त्याच मापाची खोबण पडलेली हवी. खण झिजलेला आणि पट्टी कोरी, तर पट्टी नवी आहे किंवा खण दुसरीकडचा आहे.

मग कोपरे. खणाच्या कोपऱ्यात डोव्हटेल सांधा (टोकाला पसरट दाते एकमेकांत गुंतवलेला) असेल तर दाते मोजा. हाताने कापलेले दाते थोडे कमी-जास्त रुंदीचे असतात आणि त्यांच्या मुळाशी आखणीची बारीक रेघ राहते. यंत्राचे दाते सगळे एकाच मापाचे. इथे युरोपातली पुस्तकं वाचणाऱ्यांची फसगत होते. तिकडे हाताचे दाते दिसले की जुनं असं बहुतेक म्हणता येतं. आपल्याकडे च्यारी, म्हणजे गोव्यातला सुतार, आजही हाताने डोव्हटेल कापतो. म्हणजे यंत्राचे दाते वस्तू फार जुनी नाही हे सांगतात, हाताचे दाते काहीच सिद्ध करत नाहीत. करवतीच्या खुणांचंही तेच. फळीच्या मागे गोलाकार चरे दिसले तर ती चक्रकरवत, म्हणजे फार मागे जाता येत नाही. सरळ चरे दिसले तर आराकसांनी, म्हणजे हाताने ओंडके चिरणाऱ्यांनी, ओढलेली करवत असू शकते, पण आराकस आपल्याकडे विसाव्या शतकातही होतेच.

सगळ्या तपासणीचा पाया हाच: खूण बहुतेक वेळा "याच्या आधीची नाही" एवढंच सांगते. मूळ भागांपैकी जो सगळ्यात अलीकडचा, तो वयाची मर्यादा ठरवतो. सगळ्यात जुना भाग नव्हे.

सरसही बघा. जुना सरस तपकिरी, ठिसूळ, काचेसारखा तुटणारा आणि कोमट पाण्याने मऊ होणारा. सांध्यातून पांढरट, रबरासारखा चिवट थेंब बाहेर आलेला असेल तर ते फेविकॉलसारखं डिंकद्रव्य. फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये, तेव्हा तो सांधा त्यानंतर उघडला गेला आहे. याचा अर्थ वस्तू नवी असा नाही, दुरुस्ती नवी आहे.

गोल मेज असेल तर व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा रेषांच्या बाजूने आणि एकदा आडवा. भरीव लाकूड रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. जुन्या गोल फळीत म्हणून काही मिलिमीटरांचा फरक सापडतो. कातीव खांबाचंही तसंच, कॅलिपर फिरवला की तो किंचित लंबगोल निघतो. जुनं म्हणून दाखवलेलं भरीव मेज अगदी नेमकं गोल असेल तर सावध व्हा, प्लायवूड तर नाही ना ते कडेला बघा.

> सावधान: खिळा काढून बघायचा मोह होतो. काढू नका. एकदा निघालेला जुना खिळा परत तसा बसत नाही.

वेताच्या बैठकीकडे वेगळं बघावं लागतं. चौकटीच्या खालून पाहा. हाताने विणलेल्या जाळीत प्रत्येक दोर स्वतःच्या भोकातून गेलेला असतो, भोकांची रांग दिसते. तयार जाळी आणून बसवली असेल तर भोकांऐवजी चौकटीभर एक खोबण असते आणि तीत वेताची पट्टी ठोकलेली असते. खोबण आणि जुनी भोकं दोन्ही दिसली तर बैठक बदलली आहे. वेत बदलणं हा दोष नाही, तो झिजतोच. चौकट नव्याने खोदली असेल तर मात्र नोंदवायला हवं.

४. धातू

स्क्रू फार बोलका असतो. जुन्या हातकामाच्या स्क्रूची खाच मध्यावर नसते, आटे असमान असतात आणि टोक बोथट. अणकुचीदार टोकाचे यंत्राचे स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरले. अधिकचिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला. खिळे: घडीव चौकोनी खिळा जुना, गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळीकडे.

मुठी आणि कुलपाच्या पट्ट्यांना चुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर लोखंडावर पितळेचा मुलामा. मग खणाच्या *आतल्या* बाजूने भोकं मोजा. बाहेर मूठ दोन भोकांची आणि आत चार भोकं, त्यातली दोन बुजवलेली, म्हणजे मुठी बदलल्या. बाहेरच्या पॉलिशवर जुन्या पट्टीच्या आकाराची गडद सावलीही बहुतेक वेळा असते.

इथली नेहमीची चूक: काळ्या पडलेल्या मूळ मुठी "गेलेल्या" समजून फेकतात आणि चकचकीत नव्या लावतात. निदान जुन्या एका डब्यात जपा, वस्तूबरोबर द्या.

५. लाकूड

काळं म्हणजे शिसवी नव्हे. गोव्यात जितकं शिसवी सांगितलं जातं त्यातला मोठा वाटा गडद डाग दिलेला साग असतो. जुना ओरखडा, स्क्रूचं भोक किंवा मागच्या चौकटीची कच्ची कड बघा. डाग पृष्ठभागावरच असतो, आत सोनेरी-तपकिरी साग दिसतो. शिसवीचा गाभा आतपर्यंत जांभळट-तपकिरी आणि काळ्या रेघांचा, शिवाय हातात जड. सागाला स्पर्शाला तेलकटपणा आणि कातड्यासारखा वास.

विक्रेता "जाकारांदा" म्हणाला तर त्याला अभिप्रेत असतं ब्राझिलचं शिसवीच्या कुळातलं लाकूड. रस्त्याकडेला जांभळी फुलं येणाऱ्या झाडाशी त्याचा संबंध नाही. आणि इथे बनलेल्या वस्तूत बहुधा आपलीच शिसवी असते.

दर्शनी लाकूड एक आणि मागची फळी, खणाचा तळ दुसऱ्या स्वस्त लाकडाचा, हे बनावटीचं लक्षण नाही. उलट सगळीकडे, मागे-खाली सुद्धा एकाच प्रतीचं गुळगुळीत रंधलेलं लाकूड दिसलं तर मला शंका येते. जिथे कोणी बघणार नाही तिथे जुना सुतार मेहनत वाया घालवत नसे.

कीड: भोकाच्या तोंडाशी फिकट, पिठासारखा ताजा भुसा असेल तर कीड जिवंत आहे, वस्तू बाकी सामानापासून लगेच वेगळी करा. भोकं गडद आणि कोरडी असतील तर जुनी. खोटी भोकं ड्रिलने पाडलेली, सरळ आत जाणारी. तार घालून बघा, खरा बोगदा लगेच वळतो. आणखी एक: पृष्ठभागावर बोगदे लांबीने उघडे पडलेले, नाल्यांसारखे दिसत असतील तर कीड लागून गेल्यानंतर ते लाकूड कापलं किंवा रंधलं आहे. म्हणजे जुन्या दाराचं किंवा वाशाचं लाकूड घेऊन नवी वस्तू केली.

६. पॉलिश

लपलेल्या जागी स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट ठेवा. लाखेचं पॉलिश मऊ, चिकट होतं आणि कापसावर तपकिरी उतरतं. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं कृत्रिम पॉलिश, म्हणजे अलीकडचा हात. मेजाच्या दर्शनी फळीवर ही चाचणी करू नका, डाग राहतो.

लाखेचं पॉलिश निघालं तर सँडरची मशीन घेऊन येणाऱ्या कारागिराला दारातूनच परत पाठवा. मशीन फिरली की रंगाचा जुना थर, कडांची झीज आणि कोरीव कामाची धार तिन्ही एका दुपारी जातात. लाखेवर लाख चढते, खरवडायची गरज क्वचितच असते.

७. आता शैली

इथवर वयाची मर्यादा हातात आली. आता नाव शोधा, आणि फक्त त्या मर्यादेत बसणारं.

सतराव्या शतकाची पोर्तुगीज धाटणी: कातीव, गाठीगाठींचे किंवा पिळाचे पाय, लाटांसारख्या बारीक पट्ट्या, नक्षीचं कातडं पितळी फुल्यांनी ठोकलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या.

पुढच्या धाटण्यांना पोर्तुगालच्या राजा-राण्यांची नावं आहेत. दों जुआंव पाचवा (राज्यकाळ १७०६ ते १७५०): बाकदार पाय, खाली चेंडू धरलेलं नख, पाठीत फुलदाणीच्या आकाराची फळी, भरघोस खोल कोरीव काम. त्यानंतर दों जुझे (१७५० ते १७७७): आकार तोच पण हलका, शंख-पानांच्या असमान वेलबुट्ट्या. मग दोना मारिया पहिली (१७७७ ते १८१६): सगळं सरळ होतं. निमुळते पाय, उभ्या खाचा, अंडाकृती पाठी, कोरण्याऐवजी जडणी.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या धाटण्या मिसळतात: तलवारीसारखे बाहेर वळलेले पाय, वेताच्या बैठकी, पुढे व्हिक्टोरियन गर्दी. विसाव्या शतकात आर्ट डेको, म्हणजे गोलावलेले कोपरे, मोठे आरसे, पातळ व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) आणि प्लायवूड. गोव्यातल्या घरांत हे बरंच असतं आणि "आजीचं कपाट" म्हणून हिणवलं जातं. चांगल्या बांधणीचं डेको कपाट वाईट नकलेच्या दों जुआंव खुर्चीपेक्षा मी केव्हाही आधी घेईन.

वाकवलेल्या लाकडाची कॅफेतली खुर्ची सापडली तर बैठकीच्या चौकटीखाली शिक्का किंवा चिठ्ठी शोधा. अशा खुर्च्या करणाऱ्या थोनेट कंपनीची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. नकला असंख्य झाल्या, शिक्क्याशिवाय नाव घेऊ नका.

डोळा तयार करायचा तर चांदरचं मिनेझिस ब्रागांझा घर आणि जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा. समोरून नव्हे, जिथे उभं राहू देतील तिथून पायांकडे आणि बाजूंकडे बघा.

> सावधान: "दों जुआंव काळातलं" आणि "दों जुआंव पद्धतीचं" यांत किमतीचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावतीवर "पद्धतीचं" लिहिलं असेल तर विक्रेत्याने वयाची हमी दिलेली नाही.

८. जोडतोड

वरचं कपाट एका वस्तूचं, खालचे खण दुसरीचे. चार खुर्च्या मोडून सहा केलेल्या. फरशी पुसून पुसून कुजलेले पाय कापून नवे जोडलेले. तीन गोष्टी ताडून बघा: वरच्या-खालच्या भागाची मागची फळी सारखी आहे का, दोन्हींचे दाते एकाच हातचे आहेत का, आणि खालच्या भागाचा माथा कच्चा आहे की पॉलिश केलेला. वर कायम काहीतरी ठेवायचं असतं तर माथ्याला पॉलिश कोण करेल? खुर्च्यांचा संच असेल तर प्रत्येक खुर्ची वेगळी तपासा, एक बघून बाकीच्या गृहीत धरू नका.

९. नाव लिहा, मग कायदा बघा

नाव या क्रमाने लिहा: रूप, लाकूड, पद्धत, अंदाजे काळ, बदल. उदाहरणार्थ: "कोमोद, चार खण. दर्शनी शिसवी, आत साग. दोना मारिया पद्धत. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. मुठी बदललेल्या, मागचे दोन पाय नवे, वर मेलामाइन." हे लिहिलं की सुतार, गिऱ्हाईक आणि भावंडं यांच्याशी बोलणं सोपं होतं. बदल लपवून लिहिलेलं नाव पहिल्याच जाणकारासमोर उघडं पडतं.

भारतात पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तर ती पुरावस्तू. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या मुलाकडे जुनं मेज पाठवायचं असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, पॅकिंगवाला नंतर. वस्तू शिसवीची असेल तर आणखी एक अडसर: शिसवीचं अख्खं कूळ २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा निर्यातीला वेगळी कागदपत्रं लागू शकतात. हस्तिदंताची जडणी असेल तर विक्रीचा विषयच काढू नका, वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

चर्चमधलं किंवा देवळातलं वाटणारं काही विकत घेताना ते कुठून आलं हे लेखी मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा, किंमत कितीही कमी असो.

घरातच ठेवायचं असेल तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, पायांखाली फरशीचं पाणी पोचणार नाही अशा चकत्या ठेवा आणि सप्टेंबर संपला की सगळे खण काढून दोन दिवस सावलीत वारा लागू द्या. उन्हात नको, फळ्या पिळतात.